तुळसाबाईचा कोरिया

तुळसाबाई कुणालाही काहीही द्यायची ते दोन्ही हातांनी. काड्यापेटीतली एक काडी मागितली तरी ती तळहातावर ठेवायची, त्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार द्यायची आणि जराशी वाकून पुढे करायची. एकदा शेजारच्या रहेमानचाचांनी बिडी पेटवायला विस्तव मागितला. चाचा पिंजारी. गिऱ्हाईक गादी घ्यायला दारात उभं, त्यामुळे घाईत होते. तुळसाबाईनं भट्टीतला निखारा चिमट्यानं काढून गोवरीच्या तुकड्यावर ठेवला, तो तुकडा दोन्ही हातांवर घेतला आणि नजराणा द्यावा तसा त्यांच्यापुढे धरला. चाचा म्हणाले, "अवं बाई, बिडी पेटवाची हाये, तख्तावर नाई बसून राह्यलो मी!"

तुळसाबाईचं उत्तर ठरलेलं होतं. "कोरियाची रीत हाये, चाचा. एका हातानं देल्लं तं अर्धंच पोचते."

वाशीमच्या बाजारामागच्या गल्लीत बसून, एकही अक्षर वाचता न येणारी ही बाई कोरियाच्या रीती पाळत होती. आणि त्या सगळ्या रीती ज्याच्या अंगावर येऊन आदळायच्या तो गरीब माणूस म्हणजे माझा नवरा. आमचे हे वाशीमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. तेव्हा ही हकीकत माझ्याइतकी जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही.

आम्ही दोघंही नगरकडचे. लग्नानंतर वर्षभरातच मिशननं यांना वऱ्हाडात धाडलं. सर्विस मोटारीतून उतरलो तेव्हा आमच्या अंगावर इतकी धूळ होती, की घ्यायला आलेल्या लोकांनी आधी आम्हाला झटकलं आणि मग नमस्कार केला. झटकणाऱ्यांत पुढे होती तुळसाबाई. उंचीनं माझ्यापेक्षा हातभर जास्त, रंग भट्टीच्या कढईशी नातं सांगणारा, आणि हात सुपाएवढे. तिनं यांना पाठीत दोन रट्टे घातले, धूळ उडाली, आणि ती मला म्हणाली, "बाई, मानूस चांगला हाये, पर लय सुकेल हाये. मी करतो याले बरोबर."

मी दचकलेच. 'मी करतो' असं एक बाई म्हणते? पुढे कळलं की तिकडच्या बायका असंच बोलतात. पण तुळसाबाईच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं.

तिची लाह्या-फुटाण्यांची भट्टी होती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं चालवली. लोक घरची ज्वारी, हरभरा घेऊन यायचे, ती तापलेल्या वाळूत भाजून द्यायची आणि मजुरी म्हणून त्यातलीच एक मूठ ठेवून घ्यायची. हा भट्टीवाल्यांचा जुना शिरस्ता. फक्त तुळसाबाईच्या मुठीत इतरांच्या दोन मुठी मावायच्या. बायका कुरकुरायच्या, "तुळसे, मूठ जराशी आवळ व." ती म्हणायची, "मूठ देवानं देल्ली. मी का घरी बनवली?" नवराबायकोनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा वर्षभर कुणी भट्टीकडे फिरकलं नव्हतं म्हणे. मग नागपंचमी आली, आणि तिच्यासारख्या लाह्या दुसऱ्या कुणाच्या फुटेनात, तेव्हा लोक मुकाट्यानं परत आले. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या साहेबानं तिला रूथ नाव सुचवलं होतं. तिनं ते घेतलं नाही. म्हणाली, "तुळस कोनाच्या बी आंगनात लावा, वास तोच येते."

आता यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. हे फार भिडस्त. पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत. "मेंढपाळ मेंढरांच्या आधी चरत नाही," हे यांचं आवडतं वाक्य, आणि त्यापायी कित्येकदा तळाशी उरलेल्या खरवडीवर यांचं जेवण व्हायचं. दुसरी गोष्ट म्हणजे यांना खोटं बोलता यायचं नाही. तोंडानं बोलायचे, पण कान लालभडक व्हायचे. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तुळसाबाईनं अंबाडीची भाजी आणली. मीठ इतकं, की डोळ्यांत पाणी यावं. "छान झालीय," हे म्हणाले. तुळसाबाईनं यांच्याकडे निरखून पाहिलं, बोटानं भाजी चाखली आणि म्हणाली, "पाळकसायेब, तुमचं तोंड सभ्य हाये, पर कान इमानदार हायेत." लग्न होऊन वर्ष झालं तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं आठवड्यात पकडलं.

कोरिया वाशीमला आला तो दुसऱ्या हिवाळ्यात. अकोल्याच्या मेमसाहेबांकडे एक पाहुण्या मेमबाई आल्या होत्या. पांढरे केस, काठीसारख्या ताठ. उभा जन्म कोरियात काढलेला. त्यांना आमच्याकडे आणलं आणि सगळी मंडळी, म्हणजे दहा-बारा घरं, देवळात जमली. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. त्या इंग्रजीत बोलत होत्या, हे मराठीत सांगत होते. त्या म्हणाल्या, कोरियातली माणसं गरीब आहेत, पण पाळकाला फार मान देतात. घरातली बाई भात शिजत घालण्याआधी त्यातला मूठभर तांदूळ पाळकाच्या मडक्यात टाकते. पाळकाला काही द्यायचं तर दोन्ही हातांनी. पाळकानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवत नाही. आणि घरातली सगळ्यांत ऊबदार जागा पाळकाला देतात. तिथं जमिनीखालून चुलीचा धूर फिरवलेला असतो, त्यामुळे भुई गरम राहते.

हे बोलताना यांची फार पंचाईत झाली. 'पाळकाला मान द्या' असं पाळकानंच मंडळीला सांगायचं! मान खाली घालून, आवाज बारीक करून हे कसंबसं भाषांतर करत होते. तुळसाबाई मागून ओरडली, "पाळकसायेब, जोरात सांगा जी! तुमच्या कामाचं हाये!"

मेमबाई गेल्या. पाठोपाठ अकोल्याचे मोठे साहेब आले आणि त्यांनी वाईट बातमी सांगितली. मिशनचा हात आखडला होता. एवढ्याशा मंडळीसाठी वेगळा पाळक ठेवणं यापुढे जमणार नव्हतं. मंडळीनं पाळकाच्या अन्नाचा भार उचलला तर ठीक, नाहीतर यांना दुसरीकडे नेणार आणि वाशीमला महिन्यातून एखादा रविवार अकोल्याहून कुणीतरी येणार. साहेब चैत्रात परत येऊन काय ते ठरवणार होते.

साहेबांची मोटार वळणाआड गेली तशी माणसं पायांकडे बघायला लागली. बहुतेक सगळी मजूर माणसं. कुणी सरकीच्या गिरणीत, कुणी दुसऱ्याच्या वावरात. मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली होती. तेवढ्यात तुळसाबाई बोलली, "जलम, लगन, मयत, हे का महिन्यातून एका रविवारीच होते? कोनी मंगळवारी मेलं तं रविवारपर्यंत थांबन का थो? अन् कोरियाचे लोक गरीब असून मूठ काढतात, तं आपन काहून नाई?"

दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून मडकी आली. प्रत्येक घरी चुलीशेजारी एक. ज्वारी दळायला काढली की आधी एक मूठ मडक्यात. रविवारी सगळी मडकी देवळातल्या रांजणात रिकामी व्हायची. तुळसाबाईचा नियम एकच. घरात ज्याचा हात सगळ्यांत मोठा, त्यानंच मूठ टाकायची. "लेकराच्या हातानं टाकून देवाले फसवाचं नाई," ती बजावायची. तिच्या स्वतःच्या घरी हा प्रश्नच नव्हता. भाजणावळीत आलेल्या प्रत्येक मुठीतून ती पाळकाची मूठ काढायची. बाजारातल्या बायका आता म्हणायच्या, "तुळसे, मूठ मोठी घे व, तुह्या पाळकाची बी त्यातच हाये."

रहेमानचाचांनी हा खटाटोप पाहिला आणि ते हसत सुटले. "अवं, आमचा पेशइमाम काय हवा खाते का? घरोघरचं खाते. अन् तुमच्या पल्याडचा गुरव? त्याले बी पायलीपसा भेटतेच. यासाठी कोरियाले कायले जा लागते?" मलाही ते पटलं. जी गोष्ट गल्लीत होती ती समुद्रापलीकडून आली! मी तुळसाबाईला तसं म्हणाले. ती मुळीच ओशाळली नाही. "मालूम होतं व बाई. पर आपल्या लोकायले घरची गोठ परक्यानं सांगतली तवाच खरी वाटते." आणि मग चाचांकडे वळून म्हणाली, "तुमाले एवढं समजते तं टाका एक मूठ." चाचांनी टाकली. पुढेही आठ-पंधरा दिवसांनी टाकत राहिले. पिंजाऱ्याचा हात, चांगला मोठा होता.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोटाळा झाला तो गरम जागेचा.

मेमबाई ज्या देशाबद्दल बोलत होत्या तिथं म्हणे हिवाळ्यात नद्या गोठतात. तिथं ऊबदार जागा म्हणजे मान, हे कुणालाही समजेल. पण तुळसाबाईनं हिशेब लावला तो सरळ. पाळकाला सगळ्यांत गरम जागा द्यायची, आणि वाशीममधली सगळ्यांत गरम जागा तिच्या भट्टीपाशी. भट्ट्या बांधण्यात तिचा हात बसलेला होताच. तिनं भट्टीच्या मागच्या अंगाला ओटा घातला, धूर त्याच्या पोटातून फिरवून पलीकडे काढला, वरून पांढऱ्या मातीनं सारवलं आणि कडेला बोटांनी वेलबुट्टी काढली. दिसायला ओटा देखणा होता. पण भट्टी पेटली की त्याच्यावर पापड भाजता आला असता.

माघ महिना होता तोवर ठीक होतं. हे संध्याकाळी मंडळीची विचारपूस करायला निघाले की तुळसाबाई हाक मारायची, "पाळकसायेब, बसा जी." हे बसायचे. समोर लाह्यांची वाटी यायची, दोन्ही हातांनी. येणाजाणाऱ्यांनी त्या ओट्याला कोरिया म्हणायला सुरुवात केली. मी घरी वाट बघत असले की कुणीतरी सांगायचं, "पाळकसायेब कोरियात बसून राह्यले." नंतर फाल्गुन आला, होळी झाली, लोक सावली शोधायला लागले. हे कोरियातच. घरी येऊन सदरा पिळून दोरीवर टाकायचे. मी म्हणायचे, "सांगून टाका ना तिला!"

"तिनं माती स्वतः मळलीय," हे म्हणायचे.

मी एकदा वैतागून तुळसाबाईला विचारलं, "का हो, कोरियात पाळकाच्या बायकोसाठी काही रीत नाही का? तिला काही गार-बिर जागा?" तिनं खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाली, "मेमनं तं काई सांगतलं नाई. अन् तुमाले तं पाळकच भेटला, आनखी काय पायजे?"

चैत्रात साहेब आले. रविवारची उपासना झाली. तुळसाबाईच्या अंगणात रोडग्यांचं जेवण ठरलं होतं. रोडगे म्हणजे आमच्या वऱ्हाडचं पक्वान्न. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. 'आमच्या वऱ्हाडचं' असं मी आता लिहून गेले, असू दे.

साहेबांना मराठी येत होतं, पण ते पुस्तकातलं. देवळातला रांजण पाहून त्यांना भरून आलं. ते म्हणाले, "भगिनी, मंडळीच्या प्रीतीचे हे धान्य पाहून मी संतोष पावलो आहे. आज याच धान्याची भाकर मला सेवन करावयास मिळो."

"नाई सायेब," तुळसाबाई म्हणाली.

हे घाबरले. सगळी मंडळी घाबरली. ज्या माणसाच्या हातात आमचं राहणं-जाणं होतं, त्याला पसाभर ज्वारी नाही म्हणायची? यांनी घाईघाईनं सांगितलं, "तुळसाबाई, साहेब माझे वरिष्ठ आहेत."

"असतीन. लय मोठे असतीन. पर रांजन पाळकाचा हाये." मग साहेबांकडे वळून, अगदी मायेनं, "तुमी माह्या घरी जेवा सायेब, पोटभर जेवा. माह्या वाट्याचं खा. पर याच्यातला दाना मागू नका. आज तुमाले देल्ला तं उद्या कोतवालाले द्या लागन, परवा आनखी कोनाले. मंग पाळकाले काय?"

साहेबांचा चेहरा असा झाला होता की राग आला की नाही ते कळेना. मी मनातल्या मनात पुन्हा भांडी बांधायला घेतली.

अंगणात पंगत मांडली. साहेबांना लिंबाखाली गार सावलीत सतरंजी. आणि यांना? यांना कोरिया. चैत्रातली भर दुपार, भाजी ठेवायला पेटवलेली भट्टी, आणि तिच्या पाठीवर माझा नवरा पांढरा अंगरखा घालून. साहेब बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पाळकांकडून काही अपराध घडला आहे काय?"

मी म्हणाले, "नाही साहेब, हा मान आहे."

पानं वाढली. साहेबांनी रोडगा उचलला. "थांबा जी!" तुळसाबाई कडाडली. "आधी पाळकसायेब." साहेबांनी रोडगा खाली ठेवला. आता हे कसले घेतात पहिला घास! दारी पाहुणा, तोही वरिष्ठ. यांनी हात जोडून साहेबांना सुरुवात करण्याची खूण केली. साहेबांनी तुळसाबाईकडे पाहिलं. तुळसाबाई झारा हातात धरून उभी. कुणीच हलेना. वरणावर साय धरली. रोडग्यांना एक खोड असते, गरम आहेत तोवर लुसलुशीत, गार झाले की दगड. ते गार होत होते. पंगतीतलं एक पोर रडायला लागलं. यांच्या हनुवटीवरून घाम वाटीत टपकायला लागला. शेवटी यांच्यानं तो चटका सोसवेना झाला असेल, किंवा त्या पोराचं रडं ऐकवेना झालं असेल. यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि सगळी पंगत पावसासारखी जेवणावर पडली. साहेबांनी आपला रोडगा पाट्याच्या दगडावर आपटून फोडला. मी स्वतः पाहिलंय.

हात धुताना साहेब यांना म्हणाले, या खेपेला अगदी साध्या मराठीत, "मला ज्या रांजणातला दाणा मिळाला नाही, त्या रांजणाचा पाळक उपाशी राहणार नाही. तुम्ही इथंच राहा." हे त्यांच्या हातांवर पाणी ओततच राहिले. मी मात्र पदर तोंडाशी धरून रडले. चुलीच्या धुराकडे बोट दाखवायची सोय होती, म्हणून निभावलं.

त्यानंतर आम्ही वाशीमला पुष्कळ वर्षं राहिलो. माझी मुलं तिथंच झाली, आणि माझ्याशी नगरी आणि बाहेर वऱ्हाडी बोलायला लागली. रांजण कधी भरलेला असायचा, कधी तळ दिसायचा, पण कोरडा पडला नाही. एका साली ज्वारी काळी पडली तेव्हा यांनी देवळात सांगितलं, की यंदा मूठ राहू द्या. तुळसाबाई उभी राहिली. "पाळकसायेब, तुमी प्रार्थना करा. मुठीचं आमी पाहून घेऊ. जेवाचं थांबत नाई, तं द्याचं काहून थांबन?" आणि त्या मेंढपाळाच्या वाक्यालाही तिनं तोड काढली होती. "मेंढरायच्या आधी चरू नका, बरं. पर मेंढपाळच उपाशी मेला तं मेंढरं लांडग्याच्या हवाली."

रामनवमीला ती फुटाण्यांची पोती घेऊन पोहरादेवीच्या यात्रेला जायची. तिथं लमाणांच्या बायकांनासुद्धा तिनं कोरिया समजावला होता. कोरिया नेमका कुठं आहे हे यांनी तिला किती वेळा सांगितलं. अखेर तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं, की तो कलकत्त्याच्या पुढे आहे आणि तिथली माणसं आपल्यासारखीच आहेत, फक्त थंडीनं गारठलेली. तिची मुलगी किन्हीराजा गावात दिली होती. तिच्या सासरी जाऊन तुळसाबाईनं व्याह्यालाही पाहुण्यांना पाणी दोन्ही हातांनी द्यायला लावलं. व्याही म्हणाला, "इहीनबाई, एका हातात चिलीम हाये." ती म्हणाली, "मंग आधी चिलीम ठेवा."

मला ती कधी कधी फार जड व्हायची. माझ्या संसारात तिचा हात सारखा असायचा. यांना बाजारात पिशवी उचलू द्यायची नाही, विहिरीवर जाऊ द्यायची नाही. मग ते सगळं कोण करणार? मी. पण माझ्या धाकट्याच्या वेळी मला ताप आला तेव्हा तिनं भट्टी बंद ठेवली, आणि महिनाभर माझ्या उशाशी बसून राहिली. पेज पाजायची तीही दोन्ही हातांनी. मी त्यावर चेष्टा केली, तर म्हणाली, "पडून राह्य गुमान." तिच्यावर माझा फार जीव होता. तिला ते कधी सांगितलं नाही, कारण तिनं 'मंग?' एवढंच म्हटलं असतं.

शेवटी यांची बदली झालीच. या वेळी कुणाची काही तक्रार नव्हती, मिशनला यांची गरज दुसरीकडे होती. नवा पाळक पावसाळ्यानंतर यायचा होता. मधले चार-सहा महिने वाशीमला पाळक नाही.

तुळसाबाई तेव्हा बरीच थकली होती. गुडघे धरलेले, कढईपाशी पाट घेऊन बसल्या-बसल्या झारा फिरवायची. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही तिच्याकडे गेलो. मोटारीला अवकाश होता. वाटेत खायला म्हणून ती आमच्यासाठी लाह्या भाजत होती. कोरियावर तिनं गोधडी अंथरून ठेवली होती.

"हे काय?" यांनी विचारलं.

"नवा पाळक येईपर्यंत झाकून ठेवतो. आता कोनी बसाचं नाई." मग झारा थांबवून ती म्हणाली, "पर एक सांगू का पाळकसायेब? मले धाक वाटते. जागा थंडी पडली का मानसं बी थंडी पडतात. पाळकच नाई तं मूठ कोनासाठी टाकाची, असं म्हनतीन. अन् एकडाव मूठ थांबली का नवा पाळक बी नाई टिकत इथं."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून धाक हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. यांनी पुढे होऊन ती गोधडी घडी करून बाजूला ठेवली.

"तुळसाबाई, कोरियात यालाही एक रीत आहे. पाळक नसतो तेव्हा ती जागा थंड पडू द्यायची नाही. मंडळीतलं सगळ्यांत वडील माणूस तिथं बसतं आणि मूठ चालू ठेवतं. या, बसा."

तुळसाबाईनं डोळे बारीक केले. "हे तं त्या मेमनं सांगतलं नाई."

"सांगितलं होतं. माझ्याकडून भाषांतर करायचं राहून गेलं."

मी यांच्याकडे पाहिलं. कान कुंकवासारखे झाले होते. तुळसाबाईही तिकडेच बघत होती. बराच वेळ बघत होती. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. यांनी तिला धरून नेलं आणि ती कोरियावर बसली. बांधल्यापासून पहिल्यांदा.

बसली आणि ताडकन अर्धी उठली. "बाप्पा! हे तं चुलीवर बसल्यावानी हाये! अन् तुमी इतके वर्सं इथी बसून राह्यले? एका शब्दानं बोलले नाई?"

"सवय होते," हे म्हणाले.

ती हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली, आणि मग तो पदर तिनं नीट डोक्यावरून, कानांवरून घट्ट ओढून घेतला. यांनी कढईतल्या लाह्या वाटीत काढल्या आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरल्या. आम्ही तिघंही त्या वाटीकडे बघत राहिलो. तिच्या आधी हे घेईनात. शेवटी तिनंच पहिला दाणा तोंडात टाकला.

मोटारीचा भोंगा वाजला. तिनं लाह्यांचं गाठोडं बांधलं आणि दोन्ही हातांवर घेतलं. हे सवयीनं पुढे झाले. तिनं यांना कोपरानं बाजूला सारलं आणि गाठोडं माझ्यापुढे धरलं, अगदी वाकून.

"कोरियात पाळकिनीले आधी देतात," ती म्हणाली. "मेमनं सांगतलं होतं."

मी तिच्या कानांकडे पाहिलं. पण ते पदराखाली होते.